अठरा मतांचा हिशेब : १९५२ ची राज्यसभा आणि आपला सीमाभाग

आमच्या खासबागेतील जुन्या घरांत निवडणुकीच्या गोष्टी निघाल्या, की त्या बहुधा १९५२ पासून सुरू होतात. पहिली सार्वत्रिक निवडणूक, २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मिळालेला मताचा अधिकार, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी आणि तिच्यात काहीही खूण न करता टाकायची मतपत्रिका. हे सारे पुढच्या पिढ्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. मागावरून उठून मताला जाणारे विणकर आणि लुगड्याचा पदर सावरीत रांगेत उभ्या राहिलेल्या बायका यांचे चित्र आपल्या कौटुंबिक स्मृतीत पक्के बसलेले आहे.

परंतु त्याच वर्षी, त्याच मतदानाच्या पोटातून आणखी एक निवडणूक झाली. तिच्यासाठी आपल्या गल्लीत सभा झाली नाही की भिंती रंगल्या नाहीत. नव्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे आज आपण जिला राज्यसभा म्हणतो त्या सभागृहासाठी, ती निवडणूक होती. मतदार होते केवळ विधानसभेचे निवडून आलेले सभासद. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आपण निवडून दिलेल्या आमदारांनी मुंबईच्या विधानसभेत बसून आपल्या वतीने दिल्लीला माणसे पाठवावयाची होती. त्या निवडणुकीचा निकाल आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. आम्हांला मात्र तो पुन्हा वाचावासा वाटतो. संख्येने थोडे असलेल्या लोकांना सभागृहात जागा कशी मिळते, आणि मिळालेली वाट पुढे कशी अरुंद होते, हे त्या निकालाइतके स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. आपल्यासारख्यांना तर तो प्रश्न गेली कित्येक दशके रोजच्या जगण्याचा आहे.

वरिष्ठ सभागृह ही कल्पना १९५२ साली नवी नव्हती. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार १९२१ पासून दिल्लीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ नावाचे ६० सभासदांचे सभागृह होते. परंतु त्याच्या मतदारांची पात्रता संपत्ती, प्राप्तिकर आणि मानमरातब यांवर ठरत असे. साऱ्या देशात मिळून त्याचे मतदार वीस हजारांच्याही आत होते. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांसारखी मोठी माणसे त्या सभागृहात बसली. पण मागावर बसणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या किंवा शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे तर त्याहून निराळी स्थिती होती. खासबागेला खेटून असलेले शहापूर हे सांगली संस्थानचे तालुक्याचे ठिकाण. म्हणजे एका बाजूला इंग्रजी अंमलातील बेळगाव, त्याची छावणी आणि कचेऱ्या. आणि लगेच पलीकडे पटवर्धन सरकारची हद्द. आपल्यातील कित्येक घराणी त्या सरकारच्या चाकरीच्या निमित्ताने, कित्येक व्यापारासाठी, तर कित्येक मागाच्या धंद्यामुळे इकडे येऊन स्थिरावली. संस्थानी प्रजेला ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळासाठी मताचा हक्क नव्हता. दक्षिणेतील संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि शहापूरचा माणूस प्रथमच मुंबईच्या कारभाराचा घटक झाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी त्याच्या आमदाराच्या हाती देशाच्या वरिष्ठ सभागृहाचे मत आले. या घाईच्या काळाचे अप्रूप आज जाणवत नाही. पण ते लक्षात ठेवल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

नव्या सभागृहाची रचना अशी होती. एकूण सभासद २१६. त्यांपैकी १२ राष्ट्रपतींनी नेमलेले आणि २०४ राज्यांतून आलेले. सभागृहाची घटना ३ एप्रिल १९५२ रोजी झाली आणि पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. ‘राज्यसभा’ हे नाव त्याला ऑगस्ट १९५४ मध्ये मिळाले. तोवर ते ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’च होते. सभापतिपदी उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. मुंबई राज्याच्या वाट्याला १७ जागा आल्या होत्या. त्या मुंबई राज्यात आजचा पश्चिम महाराष्ट्र व कोकण होते, खानदेश होता, अहमदाबाद-सुरतेकडचा गुजरात होता आणि बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे चार जिल्हेही होते. तीन भाषांचे ते राज्य १७ माणसांत मावायचे होते.

आता मतदानाची रीत पाहू. संविधानाच्या ८० व्या अनुच्छेदाने ती ठरवून दिली आहे : प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि एकल संक्रमणीय मत. शब्द जड आहेत, रीत सोपी आहे. आमदाराला मत एकच असते, पण तो उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहितो. निवडून येण्यासाठी किती मते लागतात, याचा एक उंबरठा असतो. एकूण मतांना, जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावयाचे, आणि त्या भागाकाराच्या लगेच वरचा आकडा घ्यावयाचा. तेवढी मते ज्याला मिळाली तो निवडून आला. त्याला उंबरठ्याहून अधिक मते पडली असतील, तर ते अधिक बळ वाया जात नाही. ते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. जो उमेदवार तळाला राहून बाद होतो, त्याची मतेही पुढच्या पसंतीकडे वळतात.

मुंबई विधानसभेत १९५२ साली ३१५ सभासद होते. जागा १७. तेव्हा ३१५ ला १८ ने भागावयाचे. उत्तर येते साडेसतरा. म्हणजे एक माणूस दिल्लीला पाठवावयास १८ मते पुरेशी होती. हाच आमच्या लेखाच्या शीर्षकातील आकडा.

विधानसभेतील बलाबल वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाचे १४, समाजवादी पक्षाचे ९, कामगार किसान पक्षाचे २, कृषिकार लोक पक्षाचा १, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १ आणि अपक्ष १९, असे मिळून काँग्रेसेतर ४६. साध्या बहुमताची रीत असती, म्हणजे प्रत्येक जागेसाठी निराळे मतदान होऊन अधिक मतांचा उमेदवार विजयी झाला असता, तर २६९ जणांनी सतराच्या सतरा जागा घेतल्या असत्या आणि उरलेल्या ४६ जणांच्या मताला शून्य किंमत आली असती. प्रमाणशीर रीतीने मात्र हिशेब असा बसतो : काँग्रेसच्या २६९ मतांत १५ उंबरठे ओलांडता येतात आणि थोडी मते उरतात, काँग्रेसेतर ४६ मतांत २ उंबरठे ओलांडता येतात आणि थोडी मते उरतात. पंधरा आणि दोन, सतरा. पण हे दुसरे गणित एका अटीवरच सुटते. ती अट अशी, की निरनिराळ्या पक्षांच्या आणि अपक्षांच्या त्या ४६ जणांनी एकमेकांच्या माणसाला आपली पसंती दिली पाहिजे. एकट्या शेतकरी कामगार पक्षालाही १४ मतांवर काही करता आले नसते.

या अटीचे महत्त्व कोणाच्या निवडीत दिसले, तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या.

संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री असलेले बाबासाहेब हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लगोलग आलेल्या लोकसभेच्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ज्याने प्रौढ मताधिकाराची चौकट कायद्यात बसवली, त्यालाच त्या मताधिकाराच्या पहिल्या निवडणुकीत सभागृहाबाहेर राहावे लागले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्च १९५२ मध्ये, मुंबई राज्याच्या १७ प्रतिनिधींपैकी एक म्हणून ते वरिष्ठ सभागृहात निवडून आले. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई विधानसभेत एकच सभासद होता. उंबरठा अठराचा आणि घरचे मत एक. उरलेले पाठबळ इतरांनी दिल्याशिवाय ही निवड होणे शक्य नव्हते.

हे त्यांच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडत होते. १९४६ साली संविधान सभेच्या निवडणुका प्रांतिक विधिमंडळांतून याच संक्रमणीय मताच्या रीतीने झाल्या. मुंबईत त्यांच्या पक्षाला बळ नव्हते. तेव्हा ते बंगालमधून उभे राहिले. तेथील विधिमंडळातही त्यांच्या पक्षाचे एकटे जोगेंद्रनाथ मंडल होते. इतरांची मते जोडून त्यांनी बाबासाहेबांना निवडून आणले. फाळणीने ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईतून, बॅ. मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने ते पुन्हा संविधान सभेत आले. थोडक्यात, ज्याच्या हातून संविधान लिहिले गेले तो माणूस थेट बहुमताच्या दारातून आत आलेला नव्हता. थोड्यांनाही जागा देणाऱ्या रीतीमुळे तो आत आला.

आपल्या सीमाभागाशी त्यांचे नाते जुने होते. बहिष्कृत वर्गाची मुंबई इलाखा प्रांतिक परिषद एप्रिल १९२५ मध्ये निपाणीस भरली, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. निपाणीचे बळवंतराव वराळे हे त्यांचे निष्ठावंत सहकारी, आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद. तेव्हा १९५२ च्या त्या निकालातील हे नाव आपल्याकडच्या तंबाखूच्या वखारींत, मागांच्या खोल्यांत आणि दलित वस्त्यांत परके नव्हते.

त्या सतरा नावांत इतरही नावे वाचण्यासारखी आहेत. पुण्याचे त्र्यंबक रघुनाथ देवगिरीकर होते; ‘चित्रमयजगत’मुळे जुन्या मराठी वाचकांना ते परिचित. लालचंद हिराचंद दोशी होते, लीलावती मुनशी होत्या. आणि हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर होते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वयंसेवकांची शिस्त ज्यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने राखली, ते हे हर्डीकर. टिळकवाडीच्या परिसरातील त्या अधिवेशनाची आठवण सांगणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडी त्यांचे नाव हमखास असे.

मराठी भाषकांपुरते बोलायचे, तर १९५२ साली ते तीन राज्यांत विभागलेले होते. मुंबईखेरीज नागपूर-वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. म्हणून नागपूरकडचे डॉ. बारलिंगे मध्य प्रदेशाचे प्रतिनिधी म्हणून आले आणि व्ही. के. ढगे हैदराबादचे म्हणून. पण हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावून पाहिला पाहिजे. कन्नड भाषक तर मुंबई, म्हैसूर, हैदराबाद, मद्रास आणि कूर्ग अशा पाच राज्यांत वाटले गेले होते. मुंबई राज्यात ते थोडे होते. त्यांच्यातील हर्डीकरांसारखा माणूस मोठ्या पक्षाच्या यादीतून दिल्लीला गेला. तेव्हा आपण बहुसंख्यांच्या राज्यात होतो आणि ते अल्पसंख्य होते. पुढे बाजू उलटली. ही उलटापालट दोन्हीकडच्या घरांनी आठवणीत ठेवली, तर आपल्या गल्लीतील कितीतरी कडवटपणा कमी होईल, असे आम्हांला वाटते.

नेमलेल्या बारा सभासदांतही आपल्या ओळखीचे एक नाव आहे. झाकिर हुसेन, सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, रुक्मिणीदेवी अरुंडेल, पृथ्वीराज कपूर यांच्या पंक्तीत काकासाहेब कालेलकर होते. साताऱ्यास जन्मलेले, सावंतवाडीकडील कालेलीवरून आडनाव लावणारे काकासाहेब १९०८ साली बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक होते. पुढे गांधीजींच्या सहवासात ते गुजरातीचे थोर लेखक झाले. १९५२ पासून १९६४ पर्यंत ते सभागृहात होते. मराठी घरात जन्मून, बेळगावात शिकवून, गुजराती वाङ्मयात मानाचे स्थान मिळवणारा हा माणूस भाषावार राज्यांच्या धामधुमीच्या काळात दिल्लीत बसलेला असावा, यात एक सूचक गोष्ट आहे. भाषा ही हद्दीच्या दगडाप्रमाणे एका जागी रोवून ठेवता येत नाही.

आता त्या उंबरठ्याकडे परत येऊ. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात. पहिल्या वेळी सारेच एकदम निवडले गेले असल्यामुळे कोणी दोन, कोणी चार आणि कोणी सहा वर्षे राहावयाचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले. बाबासाहेबांची मुदत चार वर्षांची ठरली. ती एप्रिल १९५६ मध्ये संपली आणि ते पुन्हा निवडून आले. मात्र या व्यवस्थेचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. १७ जागा एकदम भरावयाच्या असतात तेव्हा अठरा मते पुरतात. त्यांतल्या पाच-सहाच भरावयाच्या असतात, तेव्हा त्याच ३१५ जणांच्या सभागृहात एका जागेला ४६ ते ५३ मते लागतात. रीत तीच, अनुच्छेद तोच, प्रमाणशीर प्रतिनिधित्व हे शब्दही तेच. पण दाराची चौकट अडीच-तीन पटींनी उंच झाली. १९५२ ही त्या दृष्टीने एकमेव संधी होती. लहान गटांना इतके खुले दार नंतर पुन्हा मिळाले नाही.

या सभागृहाला पहिल्याच काही वर्षांत ज्या प्रश्नाचा निकाल लावावा लागला, तो नेमका आपला प्रश्न होता. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावास ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १९५३ साली आंध्र राज्याचे विधेयक वरिष्ठ सभागृहात आले. त्या चर्चेत २ सप्टेंबर १९५३ रोजी बाबासाहेबांनी केलेले भाषण गाजले ते संविधान जाळण्याच्या त्यांच्या उद्वेगाच्या उद्गारामुळे. पण त्या भाषणाचा गाभा निराळा होता. भाषेच्या नावाने राज्य बनेल तेव्हा त्याच्या पोटात जे थोडे लोक सापडतील, त्यांच्या रक्षणाची तरतूद कोठे आहे, असा त्यांचा सवाल होता. राज्यपालास त्यासाठी काही विशेष अधिकार असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९५५ च्या डिसेंबरात, आजारपणामुळे संसदेतील चर्चेत भाग घेता न आल्याची खंत व्यक्त करून, त्यांनी भाषावार राज्यांवर छोटेखानी पुस्तक लिहिले. भाषावार राज्यांना त्यांचा विरोध नव्हता. परंतु मोठ्या जमातीच्या बहुमताखाली लहान जमाती दबून जातील, ही भीती त्यांनी त्यात पुन्हा मांडली.

सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका वगळून बाकी जिल्हा कर्नाटकाकडे जावा, अशी त्याची शिफारस होती. पुढे १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव-निपाणीत जे घडले, त्याची आठवण आपण दरवर्षी हुतात्मा दिनी जागवतो. ते येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये पुनर्रचनेचा कायदा संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्याचे रहिवासी झालो. शहापूरच्या माणसाने आठ वर्षांत सांगली, मुंबई आणि म्हैसूर अशी तीन सरकारे पाहिली. आणि या सगळ्या काळात त्याचा माग जागचा हलला नाही.

त्या कायद्यात एक तरतूद होती, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. राज्यसभा ही राज्यांची सभा. राज्येच बदलल्यावर तेथे बसलेल्या सभासदांचे काय करावयाचे? कायद्याने विद्यमान सभासद नव्या राज्यांत वाटून दिले. जे मुंबईच्या विधानसभेने निवडले होते, त्यांपैकी काही जण कायद्याच्या बळावर म्हैसूरचे प्रतिनिधी झाले. १९५२ च्या निकालाचा एक तुकडा असा सीमेच्या पलीकडे गेला. म्हैसूरच्या जागा ६ वरून १२ झाल्या. ज्या सभागृहाने हा नकाशा मंजूर केला, त्याच सभागृहाने त्याच वर्षी संविधानाची सातवी दुरुस्तीही मंजूर केली. तिच्यातील ३५० क अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले, आणि ३५० ख ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा विशेष अधिकारी नेमला. आपल्या मराठी शाळांसाठी आपण आजही ज्या अनुच्छेदांचा आधार घेतो ते हेच. बाबासाहेब त्या वेळी सभागृहाचे सभासद होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे नवा नकाशा अमलात आल्यानंतर पाच आठवड्यांनी, त्यांचे निर्वाण झाले.

१९५७ साली म्हैसूरच्या विधानसभेत २०८ जागा होत्या. बेळगाव शहरातून बा. रं. सुंठणकर निवडून गेले. महाराष्ट्राच्या इतिहासाचा व्यासंग असलेला हा अभ्यासू नेता आपल्यापैकी अनेकांच्या घरी आदराचा विषय होता. सीमाभागाचा आवाज विधानसभेत पोचला, यात शंका नाही. परंतु राज्यसभेच्या बारापैकी चार जागा एका वेळी भरावयाच्या, तर २०८ ला पाचाने भागून एका जागेस ४२ मते लागत. एकीकरणवादी आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ४२ चा उंबरठा त्यांच्या आवाक्यात कधीच नव्हता. आज कर्नाटकाच्या विधानसभेत २२४ सभासद आहेत आणि चार जागांच्या निवडणुकीत उंबरठा ४५ मतांचा आहे. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत तर समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आज बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. म्हणजे साऱ्या जिल्ह्याने, मराठी, कन्नड, उर्दू असा भेद न करता, एका माणसाला पसंती दिली असती, तर १९५२ च्या मुंबईत त्या बळावर एक जागा मिळाली असती. आजच्या उंबरठ्यासमोर तेच अठरा अर्ध्यावरही पोचत नाहीत.

२००३ साली आणखी दोन गोष्टी बदलल्या. राज्यसभेसाठी आमदारांचे मतदान गुप्त होते ते खुले झाले. आणि उमेदवार ज्या राज्यातून उभा राहतो तेथील मतदार असला पाहिजे, ही १९५१ च्या कायद्यातील अट गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कुलदीप नायर यांच्या प्रकरणात हे दोन्ही बदल वैध ठरवले. आता देशातील कोणत्याही मतदाराला कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाता येते. प्रतिनिधीचे मातीशी नाते असावे की नसावे, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला त्या वादात एक गंमत दिसते. इतरांचे प्रतिनिधी राज्य बदलू शकतात, हे २००३ मध्ये ठरले. आपल्या बाबतीत मात्र प्रतिनिधी आणि मतदार दोघेही जागेवर असताना राज्यच बदलू शकते, हे १९५६ मध्येच ठरले होते. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालाची वाट पाहतो आहे.

मग त्या जुन्या निकालातून आपण काय घ्यावे? रडगाणे तर आम्हांला गावयाचे नाही. आपल्या पिढ्यांनी ते पुरेसे गायले. १९५२ चा निकाल दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की थोड्यांना जागा मिळते ती मोठ्यांच्या दयेने नव्हे, तर नियम तसा असतो म्हणून. नियम बदलला, किंवा नियम तोच ठेवून जागांची संख्या बदलली, की दार बंद होते; आणि ते बंद झाल्याचा आवाजही येत नाही. म्हणून अल्पसंख्याकांनी घोषणांइतकेच हिशेबाकडेही लक्ष द्यावे. वॉर्डांची फेररचना, मतदारसंघांच्या हद्दी, शाळेतील पटसंख्या, कागदपत्रांची भाषा हे विषय सभेत टाळ्या मिळवत नाहीत, पण उंबरठे तेथेच वर-खाली होतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. नियम अनुकूल असूनही घरचे एक मत अठरा झाले नसते. ज्यांचा पक्ष निराळा, ज्यांचे मत निराळे, अशा माणसांच्या कागदावर आपल्या माणसाचे नाव पसंतीच्या अंकासह लिहिले जावे लागते. बाबासाहेबांना १९४६ मध्ये बंगालात आणि १९५२ मध्ये मुंबईत इतरांनी आपले मानले. तेव्हा ते एका पक्षाचे राहिले नाहीत. आपल्या सीमाभागातील मराठी माणसाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे : आपली पहिली पसंती आपण आपल्याच माणसाला देऊ, त्यात वावगे काही नाही, पण शेजाऱ्याच्या कागदावर आपले नाव दुसऱ्या क्रमांकावर तरी आहे काय? आणि आपल्या कागदावर त्याचे आहे काय?

खासबागेत मराठी आणि कन्नड घरांच्या भिंती अजून एकमेकींना लागून आहेत. एका मागाचा धोटा थांबला की पलीकडच्या खोलीत विचारणा होते, मग ती कोणत्याही भाषेत असो. १९५२ च्या त्या निवडणुकीत आपल्या गल्लीत सभा झाली नाही, हे आम्ही आरंभी म्हटले. तिचा हिशेब मात्र अजून आपल्याच गल्लीत करावयाचा राहिला आहे.